सूचना कोरकूत का नाहीत?

महोदय,

मेळघाटात धारणी, चिखलदरा तालुक्यांतल्या हजारो घरांत कोरकू बोलली जाते. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीपासून पार वेगळी. तरीही गरोदर बायांसाठीचा फलक सांगतो, 'लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करावे'. असे तर पुण्यातही कोणी बोलत नाही! मग आशाताईच ते घरोघरी समजावत फिरतात. राज्यघटनेचे कलम ३५० नागरिकाला राज्यात वापरातल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडू देते. सरकारनेही निदान आरोग्याच्या सूचना त्याच भाषेत द्याव्यात. नुसते पत्रक छापून भागणार नाही. आशाताईंच्याच आवाजात त्या ध्वनिमुद्रित करून आठवडी बाजारात भोंग्यावर लावाव्यात आणि या कामाचे मानधन त्यांना वेगळे द्यावे.

— एक वाचक, परतवाडा