वायफायला आपला देश सांगा

महोदय,

कोल्हापुरातल्या लॉज, दवाखाने, अभ्यासिकांना वायफाय बसवून देणं हा माझा व्यवसाय. महाद्वार रोडवरच्या एका यात्री निवासात तक्रार होती, की मॅनेजरच्या मोबाइलवर वायफाय दिसतं, पण काही भाविकांच्या फोनवर नावच येत नाही. तिथल्या वायफायचं सेटिंग उघडलं तर चॅनेल, म्हणजे लहरींची ठरलेली वाट, होता १३. आपल्याकडे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेसाठीची उपकरणं सहसा ११ वरच थांबतात. खालच्या दुकानातला परदेशातून आणलेला अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, सेटिंगमध्ये ‘अमेरिका’ या देशावर होता. हे यंत्र आपला देश सतत हवेत सांगतं आणि आसपासचे काही फोन ते खरं मानतात. मग १३ कुठून दिसणार?

दुसरा प्रकार जास्त वाईट. ‘रेंज वाढवून द्या’ म्हटलं की काही जण सेटिंगमध्ये सरळ जास्त पॉवर चालणारा भलताच देश निवडतात. पॉवर वाढते, पण फोनचा आवाज, म्हणजे त्याचा सिग्नल, तेवढाच राहतो. खोलीच्या कोपऱ्यातून त्याचं उत्तर पोहोचतच नाही. शिवाय ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास हवामानाची रडारं चालतात. रडारच्या लहरी जाणवल्या की यंत्रानं तो चॅनेल सोडायचा, ही सोय देश बदलला की बंदही पडू शकते.

२०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा बराच पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला आहे. एवढी जागा असताना ही चलाखी कशाला? दुकानदारांनी देश ‘इंडिया’ करूनच यंत्र द्यावं आणि तसं बिलावर लिहावं.

– एक वायफाय तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर