गणपतीला येताय, तर आईला एकदा डॉक्टरकडे न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या गाड्यांच्या आरक्षणावरची पत्रे आपल्याकडे दरवर्षी छापून येतात. मला त्याच गाड्यांनी येणाऱ्यांशी जरा वेगळे बोलायचे आहे. आमच्या लांजा तालुक्यात वाडीवाडीत म्हातारी माणसे एकटी राहतात, मुले डोंबिवली-विरारला. रोज रात्री फोन होतो आणि फोनवर आई ठणठणीत वाटते. वाटणारच. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला जुन्या आठवणी, नातीगोती, बोलण्याची ढब बहुधा शाबूत असते; हरवते ते कालचे-परवाचे. ‘जेवलीस का?’ला ‘हो, जेवले’ हे उत्तर न जेवताही देता येते.

आमच्या शेजारच्या काकूंनी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा साबुदाणा भिजत घातला. “आज एकादशी ना गो?” दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी तशीच, दुसरी दोन दिवसांत निम्मी. मुलगा म्हणाला, वय झालं, चालायचंच. इथल्या डॉक्टरांनीही वयावरच ढकलले. अखेर पुतण्याने हट्टाने रत्नागिरीला नेले, तेव्हा बी-12 फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काकू बऱ्याच सावरल्या.

सगळ्यांचे असे होत नाही, हे मान्य. पण थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, अंगणात पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त यांनीही माणूस विसरभोळे होते आणि यांवर उपाय आहेत. ते शोधल्याशिवाय ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होणे मला तरी पटत नाही. आजार अल्झायमरच निघाला, तरी डोनेपेझिलसारखी औषधे तो बरा करत नसली तरी काही काळ अनेकांना आधार देतात. शिवाय बँकेचे वारस, मृत्युपत्र, पुढे कुणाकडे राहायचे, हे आईला स्वतःच्या तोंडाने सांगता येते ते याच काळात. नंतर भावाभावांत जे होते ते गावाने पाहिलेले आहे.

देशात साठीच्या पुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाचा अंदाज आहे. सरकारचे लक्ष नाही असे नाही. आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? आता वाडीत जन्म काढलेली बाई घरचा पत्ता विसरेपर्यंत आजार किती पुढे गेलेला असेल! आणि हे विचारायचे त्याच माणसाला, ज्याला आपण विसरतो हेच आठवत नाही. त्याऐवजी पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा, नेहमीचा स्वयंपाक, तेच तेच विचारणे यांबद्दल घरच्यांना, घरचे नसतील तर शेजाऱ्यांना विचारावे.

सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचे निदान होते ओपीडीत: सावकाश केलेली विचारपूस, रक्ताच्या तपासण्या, गरज पडली तर स्कॅन. तो खर्च आणि प्रवास घरच्यांच्या माथी.

म्हणून जिल्हा आरोग्य विभागाला एक सुचवते. गणपतीच्या आठवड्यात चाकरमानी घरी असतात. आईबद्दल सांगणारा आणि ऐकणारा तेव्हाच एकत्र भेटतो. त्या आठवड्यात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक सकाळ स्मृती-तपासणीला द्यावी, बी-12 आणि थायरॉइडसाठी रक्त तिथेच घ्यावे आणि ज्यांना पुढे पाठवायचे त्यांना रत्नागिरीची तारीख हातात द्यावी, मुलगा परतीच्या गाडीत बसायच्या आत.

– एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी