चोर सोडू नको

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
जानेवारी, रात्रीचे दोन

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज काल संध्याकाळी वाचला. ‘चोर सोडतो, जादूवाला काढतो’ एवढंच लिहिलंस. फोन केला असता, पण तू पुण्यात सकाळच्या ड्यूटीला आणि मी या आठवड्यात शेतात रात्रीच्या विजेच्या लाइनवर. हरभऱ्याला पाणी चालू आहे. स्प्रिंकलरचे पाइप आत्ताच बदलले, आता दोनेक तास मोकळे आहेत. मोटरघरात बल्बखाली बसून लिहितो आहे. बोटं गारठली आहेत, अक्षर समजून घे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळातल्या या क्लासचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं, इंग्रजी नाव (Rogue) मराठीत लिहिलं की ‘रोग’ होतं, म्हणून आपण पहिल्या दिवसापासून त्याला चोर आणि मेजला जादूवाला म्हणत आलो. ऑगस्ट २०१९ मध्ये खेळाची जुन्या धाटणीची आवृत्ती, क्लासिक, सुरू झाली तेव्हा तूच मला हा क्लास घ्यायला लावलास. आता तूच सोडतो म्हणतोस, ते मला पटत नाही.

गेल्या रविवारी खेळातल्या ऑर्ग्रिमार शहराच्या दरवाज्याबाहेर तू सात ड्युएल, म्हणजे एकास एक लढती, हरलास. मी सातही उभा राहून पाहिले. तुझी बोटं माझ्यापेक्षा वेगवान आहेत, ते सांगायला नको. पण सातही वेळा पहिल्या दहा सेकंदांत तुझी थैली रिकामी झाली. लपून दिलेला चीप शॉट, त्यावरच किडनी शॉट (दोन्ही स्टन, म्हणजे समोरच्याला जागीच सुन्न करणारे), समोरचा लढवय्या वॉरियर ट्रिंकेट मारून सुटला की त्याला भांबावणारा ब्लाइंड, तरी काही होत नाही दिसल्यावर गायब व्हायला व्हॅनिश. मग उरलेला सगळा वेळ नुसती मारामारी. पत्र्याच्या चिलखतासमोर कातड्याचं चिलखत किती टिकणार गड्या?

काल रात्रीचं सांगतो. मोटरघराच्या मागे उंदरांचं बीळ आहे. आपला करडा बोका त्याच्यापासून हातभर बाजूला बसला होता. उंदीर बाहेर आला, दाणा हुंगला, आत पळाला. बोक्याने कान हलवला नाही. पुन्हा आला, पुन्हा आत. तिसऱ्यांदा पार पऱ्हाटीच्या खुंटांपर्यंत गेला, तेव्हा बोका उठला. पण उंदराकडे गेला नाही, आधी बिळाच्या तोंडावर जाऊन उभा राहिला. मी हातातला पाइप तसाच धरून बघत राहिलो. चोराचा सगळा खेळ हाच आहे बे! समोरच्याचं बीळ कोणतं, आणि ते बंद झालं का, एवढं आधी बघायचं.

जादूवाल्याचं बीळ म्हणजे ब्लिंक. तू त्याला चीप शॉट देतोस, तो स्टनमधूनच ब्लिंक मारून वीस यार्ड पुढे निघतो, आणि तुला वाटतं डाव हुकला. हुकला नाही. डाव तिथून सुरू होतो, कारण पुढचे पंधरा सेकंद ब्लिंक परत येत नाही. किडनी शॉट त्या पंधरा सेकंदांसाठी राखायचा. त्याने फ्रॉस्ट नोव्हाने पाय गोठवले तर व्हॅनिश मार, पाय सुटतात आणि पुन्हा चीप शॉटची संधी मिळते. ती दुसरी चीप शॉट चार नाही, दोनच सेकंद टिकेल हे धरून चाल. तोच स्टन लगेच पुन्हा दिला की निम्मा होतो, तिसऱ्यांदा पाव, नंतर लागतच नाही. आणि त्याने फेकलेला बर्फाचा फ्रॉस्टबोल्ट हवेत असताना व्हॅनिश मारू नको. बोल्ट येऊन लागला की उघडा पडतोस, व्हॅनिशला लागणारी फ्लॅश पावडरही गेली आणि तो परत मिळेपर्यंतची पाच मिनिटंही गेली.

आता एनर्जीचा, म्हणजे वार करायला लागणाऱ्या ताकदीचा, हिशेब, कारण तुझं खरं नुकसान तिथे होतं. शंभरातली साठ चीप शॉटला जाते. उरली चाळीस. दर दोन सेकंदांनी वीस येते, म्हणजे त्या चार सेकंदांच्या स्टनमध्ये आणखी चाळीस. हेमरेज या वाराला पस्तीस लागते. एकच हेमरेज मार आणि थांब. वारांतून साठणारे दोन पॉइंट चीप शॉटचे, एक याचा, तीन झाले. स्टन संपता संपता पंचवीस घालून किडनी दे, तीन पॉइंटांवर पूर्ण चार सेकंद मिळतात. तू काय करतोस, पहिला स्टन अर्धा शिल्लक असतानाच दुसरा देतोस. पहिल्याचे दोन सेकंद वाया जातात. वावरात एक वाफा भरायच्या आधी दुसऱ्याचं दांड फोडलं तर आबा काय बोलले असते, ते तुला माहीत आहे.

वॉरियरबद्दल एकच, पण नीट वाच. वार चुकवणारं इव्हेजन लावून त्याच्या तोंडासमोर उभा राहू नको. तू वार चुकवलास की त्याला ओव्हरपॉवर हा वार मिळतो, आणि ओव्हरपॉवर चुकवता येत नाही. तुझं सगळ्यात मोठं संरक्षण त्याच्या हातात काठी देतं. मला हे कळायला पूर्ण एक पावसाळा लागला. त्यापेक्षा क्रिपलिंग पॉइझन लागू दे, त्याची चाल सत्तर टक्क्यांनी पडते. मग गाउज देऊन त्याला चार सेकंद थिजव आणि बाजूला हो. पण गाउज तो तुझ्याकडे तोंड करून असेल तरच लागतो, आणि एक वार पडला की तुटतो, म्हणून आपला आपोआप चालणारा हल्लाही बंद कर. त्या चार सेकंदांत बँडेज सुरू करता येतं किंवा चाळीस एनर्जी भरता येते. दोन्हीपैकी काय हवं ते तिथेच ठरव.

पॅलाडिन क्लासवाल्याने डिव्हाइन शील्ड घेतलं की सरळ निघून जा. बारा सेकंद त्याला काही होत नाही, मग त्याच्याजवळ उभं राहून मार कशाला खायचा?

समोरच्याचा मंत्र तोडणाऱ्या किकचं मात्र तुला नाही, मला जास्त शिकावं लागलं. तुझ्याकडे फायबर आहे. माझ्याकडे मोबाइल छपराच्या आड्याला टांगलेला, पिंग (नेटचा उशीर) तीनशे मिलिसेकंदांच्या वर. प्रीस्टचा जखम भरणारा दीड सेकंदाचा मंत्र, फ्लॅश हील, शेवटी तोडायला गेलो की माझा किक पोचेपर्यंत हील झालेला असतो. म्हणून मी कास्ट, म्हणजे मंत्र सुरू झालेला, दिसला की लगेच तोडतो. त्यात हुशार प्रीस्ट मला फसवतात, कास्ट सुरू करून मध्येच सोडतात, माझा किक दहा सेकंद गेला. तू थांबू शकतोस. तुझ्या हातात ती सोय आहे आणि तू ती वापरत नाहीस, याचं मला वाईट वाटतं.

परवा अराथी बेसिन या खेळातल्या रणांगणात होतो. पंधरा विरुद्ध पंधरा, आणि मी फार्म या ठाण्यावर एकटा राखणीला. आई दारातून बघून म्हणाली, “इथलं वावर सोडून तिथलं काय राखून रायला बे?” तिघं आले. मी झाडाआड लपलेला, एकाने झेंड्याला हात घातला. झेंडा फिरवायला दहा सेकंद लागतात आणि मध्ये मार बसला की ते काम मोडतं. मी मनात सात मोजले आणि मग चीप शॉट दिला. तिघं माझ्यावर आले, व्हॅनिश. पुन्हा हात घातला, पुन्हा सात मोजले, या वेळी मागून अ‍ॅम्बुश. मग दुसऱ्याला ब्लाइंड, स्प्रिंट मारून कुंपणाबाहेर. तेवढ्यात आपली चार माणसं घोडदौड करत ब्लॅकस्मिथ ठाण्याकडून पोचली. फार्म गेला नाही. मी त्यात एकालाही मारलं नव्हतं, तरी रात्रभर झोप आली नाही इतका आनंद झाला.

तालुक्याच्या त्या नेट कॅफेत आपण एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून खेळायचो, तेव्हा तू माउस धरायचास आणि मी कीबोर्ड. तू मारायचास, मी ‘थांब, थांब’ म्हणायचो. आता तुझ्या बाजूला तसं म्हणणारं कोणी नाही, म्हणून एवढं लांब लिहिलं.

पाइप बदलायची वेळ झाली. पुढच्या आठवड्यात दिवसाची लाइन आहे, म्हणजे रात्री मोकळा. रविवारी नऊ वाजता ऑर्ग्रिमारच्या दरवाज्याबाहेर ये. जादूवाला नको, चोरच घेऊन ये. फ्लॅश पावडरची पूर्ण गड्डी सोबत ठेव, दहा ड्युएल खेळू, आणि पहिल्या पाचांत तू व्हॅनिशला हात लावायचा नाहीस.

काकूंना नमस्कार सांग. तुरीची डाळ भरडून झाली की पाठवतो.

तुझाच,
कीबोर्डवाला