सांगली स्टँडवरच्या रिक्षावाल्या मामांना

त्या रात्री आमच्या आप्पांची लघवी पूर्ण अडली. वय 76. ओटीपोट दगडासारखं, कळा सोसेनात. मामांनी भाडं न ठरवताच रिक्षा मिरजेकडे काढली, खड्डे चुकवत. पैसे घ्यायला थांबलेही नाहीत.

दवाखान्यात ब्रदरनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला आणि जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. आप्पा म्हणाले, "सुटलो रे बाबा!"

ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, सर्दीची गोळी घेतली होती का? घेतली होती. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असली की अशा काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं, हे आम्हाला कुठून ठाऊक! त्यांनी ते तोंड सैल करणारं टॅमसुलोसिन हे औषध सुरू केलं आणि बजावलं, चक्कर येऊ शकते, सावकाश उठा. फिनास्टेराइड या गोळीने ग्रंथी आकसते, पण गुण यायला सहा महिनेही लागतात. नळी काढल्यावर पुन्हा अडलं तर टीयूआरपी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ग्रंथीचा वाढलेला भाग काढायचं ऑपरेशन, नाहीतर लेसर. पोटावर टाके नाहीत म्हटल्यावर आप्पांचा चेहरा सैलावला. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरबाईंनी न कंटाळता दोनदा सांगितलं. (आप्पांना ऐकू कमी येतं, आणि भीती जास्त.)

शेजारच्या खाटेवरच्या कुपवाडच्या आजोबांनी लघवीची पिशवी कायम कमरेखाली ठेवायला शिकवलं. त्यांचंही नाव विचारायचं राहिलं.

चौथ्या दिवशी नळी निघाली, लघवी मोकळी झाली. ऑपरेशनचं पुढच्या तपासणीत ठरेल.

मामा, स्टँडवर तीनदा येऊन गेलो. तुमचं भाडं अजून माझ्याकडेच आहे.