जुनी व्हॅन घेतोयस म्हणे

येळ्ळूर,
आषाढ वद्य एकादशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा बोअरची पाच एचपीची मोटार उघडून बसलो होतो, म्हणून म्हटलं, पत्र लिहितो. तू हसलास. पण यात आकडे आहेत, आणि फोनवर ऐकलेले आकडे तुझ्या डोक्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाहीत हे मला शाळेपासून ठाऊक आहे. आता गाडीच्या खर्चाची वही पुढ्यात घेऊन बसलोय. बाहेर पाऊस असा लागलाय की राजहंसगड चार दिवस दिसलेला नाही.

चिंचवडची नोकरी सोडायची, वहिनींचा चपाती-भाकरीचा व्याप वाढवायचा, उद्यमबागेतल्या कारखान्यांत दुपारचे डबे पोचवायचे आणि त्यासाठी 85 हजारांत जुनी ओम्नी घ्यायची. बेत वाईट नाही. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात, आणि तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कधी उघडलं नाही असा मेस्त्री बेळगावात शोधूनही सापडायचा नाही. पण 85 हजारांत ती नुसती दारात येईल. पुढचं गणित वेगळं आहे.

माझी ओम्नी 2008 ची. गेल्या वर्षात तिला 37,430 रुपये लागले. त्यातले तेरा हजार शुद्ध माझ्या आळसाचे, गाडीचा काही दोष नाही.

झालं असं. रेडिएटरचा होज पाइप पाझरत होता. गाडी हलवली की खाली हिरवट डाग दिसायचा. मी काय केलं? रोज सकाळी बाटलीभर पाणी ओतलं आणि निघालो. पाइपची किंमत 180 रुपये. मेमध्ये गोव्यातल्या साखळीहून एका बागायतदाराच्या पंपाच्या तीन मोटारी वायंडिंगसाठी भरून चोर्ला घाट चढत होतो. या गाडीचं इंजिन सीटखाली, त्यामुळं काट्याच्या आधी आपल्या बुडाला कळतं. चटका बसायला लागला, काटाही लाल रेघेला टेकला. तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, कणकुंबीला पोचू, चहा पिऊ, तोवर गाडी निवेल. कणकुंबी राहिली बाजूला, दोन वळणांत मागं पांढरा धूर आणि गाडी गप्प.

टोचन करून आणली. मेस्त्रीनं ऑइलची पट्टी बाहेर काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "नीर नोडिल्लेन?" पाणी बघितलं नाहीस काय? मी गप्प. पाणी कमी पडलं की इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तापून वाकतं, त्याखालचं गॅस्केट जळतं, मग पाणी ऑइलात उतरतं. टोचनचे 3,500, हेड फेसिंगला, म्हणजे ते सपाट करायला, लेथवाल्यानं 900, गॅस्केट सेट 850, वॉटर पंप 1,100, थर्मोस्टॅट 350, ऑइल आणि फिल्टर 1,300, कूलंट 500, मजुरी 4,500. वर तो 180 चा पाइप. शिवाय चार दिवस दुकान बंद, ते वहीत लिहिलेलं नाही.

तेव्हा काटा चढला की जागच्या जागी थांबायचं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. गार पाणीही लगेच ओतायचं नाही.

क्लचचं वेगळं. मोटारींचं ओझं आणि घाट, त्यामुळं माझा लवकर जातो. रेस दिली की इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही, आणि जळका वास येतो. मागं एकदा पैसे वाचवायला नुसती प्लेट बदलली. सहा महिन्यांत रिलीज बेअरिंग किरकिरायला लागलं आणि गिअरबॉक्स परत खाली. खर्च प्लेटचा नसतो गा, गिअरबॉक्स उतरवायचा असतो. या वेळी प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग एकदमच घातलं, मजुरीसकट 4,200. तुझ्या गाडीत डबेच असणार, तुझा जास्त टिकेल.

मला खरी भीती गंजाची. आपला पाऊस तू विसरलायस, तिकडच्या पावसावरून अंदाज बांधू नको. मॅटखाली पाणी साचतं, वरून रंग चकचकीत आणि खालचा पत्रा पापडासारखा. मी पत्रे लावून वेल्डिंग केलं, रंगासह 6,500. तेही फ्लोअरच होता म्हणून. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा हँगर जिथं बसतो तिथं गंज असेल तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नको. सरकत्या दाराची खालची पट्टीही बघ. माझ्या दाराचा रोलर गणपत गल्लीत ऐन गर्दीत निसटला, दार हातात धरून उभा होतो आणि लोक विचारतात, "काय करूलालास?" 250 रुपयांचा रोलर, पण अब्रू गेली.

बाकी दोन टायर 5,800, बॅटरी 3,600, आणि ब्रेकचे व्हील सिलिंडर, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, बुश, बल्ब असली किरकोळ कामं मिळून 3,900. महिन्याला तीन हजारांच्या आसपास पडलं. नव्या गाडीचा हप्ता नऊ-दहा हजारांच्या घरात जातो, म्हणून मी अजून जुनीतच आहे.

पण तुझ्यात आणि माझ्यात एक फरक आहे, आणि मुख्य सांगायचं ते हेच. मोटार एक दिवस उशिरा पोचली तर शेतकरी शिव्या देतो आणि थांबतो. एक वाजता जेवणाची सुट्टी झालेला कामगार थांबत नाही. दोनदा डबा चुकला की ऑर्डर गेली. म्हणून 85 हजार हातात असतील तर 50-55 ची गाडी बघ आणि उरलेल्यांतून पहिल्याच महिन्यात होज, बेल्ट, क्लच, बॅटरी आपणहून बदल, मोडायची वाट बघू नको. आणि एखाद्या टेंपो रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेव, गाडी बसली की डबे तो नेईल.

गाडी इथल्या केए-22 पासिंगचीच घे. तिकडची एमएच-14 स्वस्त मिळते म्हणून आणलीस तर तिकडच्या आरटीओची एनओसी काढ, इकडचा टॅक्स भर, नंबर बदल. वर्षाच्या वर परराज्याच्या नंबरावर ठेवता येत नाही. 15 वर्षं झालेल्या गाडीचं आरसी रिन्यू झालंय का बघ. माझं 2023 मध्ये पाच वर्षांसाठी झालं, नुसती फी 5,000. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच.

"एकाच मालकाची, डॉक्टरांची" असं तो म्हणतोय म्हणालास. असेलही. मीटरवर 60 हजार आणि पॅडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर मीटर मागं फिरवलेला समज, माझ्यासाठी एक चहा पिऊन परत ये. त्याला सांगून ठेव, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नको. गार इंजिन पहिल्यांदा चालू होताना मागं निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय. गरम करून ठेवलेली गाडी शहाण्यासारखी वागते.

तर इसार देऊ नको. पुढच्या रविवारी सकाळी रेल्वेनं उतर, मी मेस्त्रीला घेऊन स्टेशनवर येतो. त्याला नाश्ता आणि 500 रुपये द्यायचे, ते तू दे. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडं आहे, मॅट उचलून पत्रा टोचून बघू. मालकानं मॅट उचलू दिली नाही तर तिथूनच घरी जेवायला. आई मांडे करणार नाही म्हणते, एवढ्या पावसात, पण तू येतोस म्हटल्यावर काय करेल सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
वायंडिंगवाला

ता. क. : येताना कपडे जुने घाल. गाडीखाली तुलाही झोपावं लागणार आहे.