आप्पाची बिडी

अमळनेर, रविवार

प्रिय सुभाष,

माझी शुगर आटोक्यात आहे, बाकी ठीक. काल मळ्यात मोटार चालू होईना म्हणून स्टार्टरची पेटी उघडली, तर आत बिडीबंडल आणि काडेपेटी! आप्पानं दिवाळीत नातीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती रे. घरात अजून कुणाला बोललो नाही. तुलाच लिहितोय.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं, सीओपीडी निघाला, म्हणजे श्वास कोंडणारा फुफ्फुसाचा कायमचा आजार. आता ओट्याच्या तीन पायऱ्या चढला की खांब धरून उभा राहतो, ओठांचा चंबू करून श्वास सोडतो, आणि मलाच सांगतो, "ऊन शे ना भो!" बोरीच्या पुरात उडी टाकणारा आपला आप्पा हा!

सगळ्यात राग येतो तो त्याच्या एका वाक्याचा. "आते सत्तरीमा सोडीसन काय फायदा शे?" अरे, ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला. २००४ साली निष्कर्ष छापून आले, साठीत सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षं जास्त मिळतात. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण उरलेलं झिजण्याचा वेग तरी कमी होतो. वर त्याला वाटतं, बिडी सिगारेटपेक्षा बरी. बिडी सारखी विझते, म्हणून जोरजोरात ओढावी लागते, धूर आणखी खोल जातो. हे सांगितलं तर म्हणतो, "तू मास्तर व्हायले पाहिजे व्हता." (मॅट्रिकला माझी सायकल तूच पंक्चर केली होतीस, हे मी अजून म्हणतो. वाद नको.)

१८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या नंबरवर, फोन लावून देतो म्हटलं, तर अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. निकोटिनचं च्युइंगम त्याच्या कवळीला चिकटतं. पट्टीचं डॉक्टरांना विचारणार आहे.

तुझं मात्र तो ऐकेल. त्याच्याबरोबर जिनिंगच्या भिंतीमागे पहिली बिडी तूच ओढलीस, आणि अँजिओप्लास्टीनंतर सोडलीसही तूच. पहिल्या आठवड्यात तू असा चिडायचास की वहिनींनी माझ्याकडे फोनवर तक्रार केली होती. झोप लागायची नाही, चहा झाला की हात खिशात जायचा, ते सगळं त्याला सांग. उपदेश नको, तो त्याला माझ्याकडून रोज मिळतो.

लेकीच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. गुडघ्याचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार.

आखाजीला ये, चार दिवस राहा. पण त्याआधी याच आठवड्यात फोन कर, आणि आप्पाच्याच मोबाईलवर कर. संध्याकाळी सहानंतर तो मळ्यात एकटा असतो.

तुझा,
मधू