डायऱ्या रद्दीत देऊ नका

न्यूपोर्ट, साउथ वेल्स, ब्रिटन
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, "दिवाळीची साफसफाई काढलीय, तुझे बाबा त्यांच्या सगळ्या डायऱ्या रद्दीत घालायच्या म्हणतायत." मागून बाबांचा आवाज आला, "कोण वाचणाराय ते आता?" मी तेव्हा काही बोलले नाही. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. टपालानं पत्र पोचेपर्यंत दिवाळी होऊन जाईल, तेव्हा याचे फोटो काढून दादाच्या फोनवर पाठवते. दादा, सावकाश आणि मोठ्यानं वाच, बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

बाबा, मी कामाला जाते त्या वाटेवर, उस्क नदीच्या पुलापाशी, एका बाईंचा पुतळा आहे. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये बसवला. मार्गारेट हेग थॉमस, पुढं लेडी ऱ्होंडा. वर्षभर मी नुसतीच बघून पुढं जात होते. मग एका रविवारी सहज वाचायला घेतलं आणि कळलं की या बाईंनी तुमचंच काम केलंय. त्या आपल्या वडिलांच्या सेक्रेटरी होत्या.

वडील डी. ए. थॉमस. कोळशाच्या खाणींचे मालक आणि त्याच वेळी खासदार. १८८८ ते १९१० अशी बावीस वर्षं पार्लमेंटमध्ये. ऱ्होंडाच्या खोऱ्यातल्या एकेक खाणी जोडत त्यांनी केंब्रियन नावाचा मोठा पसारा उभा केला. तुम्हाला अशा माणसाबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी साखर कारखाना, दुपारी विधानसभेचं काम, संध्याकाळी कुणाच्या तरी भावकीचा तंटा, असा साहेबांचा दिवस त्यांचे सेक्रेटरी म्हणून तुम्ही २९ वर्षं सांभाळलात. इथं उसाच्या जागी कोळसा होता, एवढाच फरक. आणि भांडणंही तशीच भाववाढीची. १९१० मध्ये त्यांच्या खाणींतले जवळपास १२ हजार कामगार दराच्या वादावरून बाहेर पडले, टोनीपँडी गावात दंगल झाली, सैन्य आणावं लागलं. थॉमस काही साधुपुरुष नव्हते. त्या खोऱ्यात आजही त्यांचं नाव प्रेमानं घेत नाहीत, हे मी इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

मार्गारेट त्यांची एकुलती एक मुलगी. १९०८ मध्ये लग्न झालं आणि पंचविशीतच ती वडिलांच्या हाताखाली कार्डिफच्या गोदीतल्या ऑफिसात जाऊ लागली. वर्षाला एक हजार पौंड पगार. त्या काळात बाईमाणसाला एवढा पगार म्हणजे केवढी गोष्ट! पत्रं वाचायची, माणसं भेटवायची, वडील नसतील तेव्हा व्यवहार बघायचे. तीच मुलगी बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतही होती. १९१३ मध्ये तिनं इथल्याच रिस्का रोडवरच्या टपालपेटीला आग लावली, दंड भरायला नकार दिला आणि उस्कच्या तुरुंगात गेली. तिथं अन्न सोडलं, तेव्हा पाच दिवसांत तिला सोडावं लागलं.

हे वाचताना मला आपली ओसरी दिसत होती. लग्नसराईत तुम्ही कॉटवर पत्रिकांचा ढीग घेऊन बसायचात आणि मला समोर बसवायचात. मी वाचायची, "स्थळ, मुहूर्त, वधूपिता". तुम्ही तीन गठ्ठे करायचात. साहेबांनी स्वतः जायचं ते, वहिनीसाहेबांनी जायचं ते, आणि नुसती तार करायची ते. एकाच दिवशी बारा पस्तीसचा मुहूर्त आणि गोरज मुहूर्त असेल तर मधल्या रस्त्याचं गणित तुम्ही तोंडानं मांडायचात, कुठला पूल पाण्याखाली आहे तेसुद्धा धरून. एकदा मी विचारलं, "बाबा, हा माणूस तर साधा ऊसतोड मुकादम, मग याचं नाव पहिल्या गठ्ठ्यात कसं?" तुम्ही म्हणालात, "याच्या बापानं साहेबांच्या पहिल्या निवडणुकीत स्वतःच्या बैलगाड्या दिल्या होत्या. साहेब विसरतील, मी विसरून चालत नाही." मी तेव्हा दहा वर्षांची होते. साहेबांच्या नावावर जी माया जमा व्हायची, तिच्यातली निम्मी तुमच्या आठवणीतून आलेली होती, हे मला आत्ता कळतंय.

आणि एक गोष्ट आज लिहून टाकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला एकदा जीपमधून बरोबर नेलं होतं. लग्नघरी पोचलो तर मांडव उतरवत होते, लग्न आदल्या दिवशीच झालेलं. साहेब चारचौघांत तुमच्यावर ओरडले, "तुम्हाला साधी तारीख वाचता येत नाही?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं, साहेब." घरी आल्यावर मी गुपचूप डायरी उघडून पाहिली. तारीख बरोबर होती. त्यावर लाल पेन्सिलीनं काट मारून पुढच्या दिवसाचा बाण काढलेला होता, साहेबांच्या हातचा. मी कितीतरी दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही, त्याचं कारण हे होतं. तुम्ही गप्प बसायला नको होतंत, असं मला आजही वाटतं. पण त्या रागात मी तुमचं सगळं कामच हलकं समजायला लागले, कॉलेजात कुणी विचारलं की "बाबा कारखान्यात असतात" एवढंच सांगायची. त्याबद्दल मला माफ करा.

आता मूळ मुद्दा. १९१५ च्या मे महिन्यात बापलेक अमेरिकेतली कामं उरकून लुसिटानिया बोटीनं परत येत होते. ७ मे रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. अठरा मिनिटांत बोट बुडाली, बाराशेच्या आसपास माणसं गेली. वडील होडीत चढले. मार्गारेट पाण्यात पडली, तासन्‌तास तरंगत राहिली, शुद्ध हरपली. ब्लूबेल नावाच्या मच्छीमार बोटीनं तिला वर ओढलं तेव्हा ती मेलीच आहे असं समजून डेकवर ठेवलं होतं. हे सगळं आपल्याला कळतं कारण तिनं ते लिहिलं. १९३३ मध्ये तिनं आत्मचरित्रच लिहिलं.

पण बाबा, त्या बोटीवर थॉमस यांच्याबरोबर आणखी एक माणूस होता. अर्नोल्ड रिस-इव्हान्स. पगारी सेक्रेटरी. तोही त्याच पाण्यातून वाचला. जे जे मी वाचलं त्यात त्याच्या वाट्याला एखादंच वाक्य येतं, "त्यांचा सेक्रेटरीही वाचला." तिकिटं कुणी काढली असतील, कागदांची पेटी कुणाच्या हातात असेल, साहेब जिवंत आहेत की नाहीत हे कळेपर्यंत किनाऱ्यावर त्याची काय अवस्था झाली असेल? मालकाच्या मुलीची गोष्ट उरली, नोकराची गेली. ते वाक्य वाचलं आणि मला तुम्हीच दिसलात. म्हणून डायऱ्या रद्दीत जाऊ नयेत. मी येईन तेव्हा एकेक पान काढून तुम्ही त्यामागची गोष्ट मला सांगायची.

थॉमस पुढं अन्नमंत्री झाले. १९१८ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं ते त्यांच्याच हाताखाली. साखर म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. त्याच वर्षी ३ जुलैला ते गेले. मुलगी कितीतरी कंपन्यांची डायरेक्टर झाली, वडिलांची पदवीही तिच्याकडे आली, तरी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, बसायला तिला १९२२ मध्ये नकार मिळाला. १९५८ मध्ये ती वारली तोवर ते दार तिच्यासाठी उघडलं नाही.

आई, तुलाही एक काम. पहाटे सहापासून ओसरीवर येणाऱ्या माणसांना चहा तू दिलास, कोण कशासाठी आलंय ते बाबांच्या आधी तुला कळायचं, आणि त्यातलं काहीच कुठल्या डायरीत नाही. बाबा बोलायला लागले की तू शेजारी बस आणि त्यांचं चुकलं तिथं टोक. टोकशीलच म्हणा.

डायऱ्या माळ्यावरून खाली काढून लोखंडी ट्रंकेत ठेवा, तळाशी कडुलिंबाचा पाला घाला. दादा, दोन दिवस ऊन दाखव, पण गच्चीवर नको, वाऱ्यानं पानं सुटतील. मी ९ जानेवारीला पोचते, तीन आठवडे आहे.

सुरुवात १९९३ पासून करू. अनंत चतुर्दशीच्या त्या रात्री विसर्जन आटोपून तुम्ही उशिरा झोपला होतात आणि चारच्या आत भांडी वाजायला लागली. किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली तशी तुम्ही कारखान्याचे ट्रक काढलेत आणि आठ दिवस घरी आला नाहीत. आल्यावर कुणाशी बोलला नाहीत. मी ३० सप्टेंबरचं ते पान पाहिलंय. त्यावर चार ट्रकचे नंबर आहेत आणि खाली फक्त "ताडपत्री, डिझेल, भाकरी". बाकीचं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

गोळ्या वेळेवर घ्या. आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा.

तुमची,
माई